सशांचे नेवासकर

नेवासकर सर ताजेतवाने आहेत असं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. सकाळी मेडिकल कॉलेजच्या फाटकातून सायकल ढकलत आत यायचे, तेच मुळी दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसासारखे. सायकल असून पायी का येता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बसतो की. घरापासून चौकापर्यंत उतार आहे, तिथवर बसतो. पुढे चढ लागतो. चढावर तिनं मला न्यायचं की मी तिला, हा झगडा फिजूल आहे. मी नेतो." वय चाळिशीच्या अलीकडचं. पण कोणतंही काम सुरू करण्याआधी त्यांना जरा बसून घ्यावं लागे, आणि काम संपल्यावर तर लागेच लागे. फिजिऑलॉजीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्याच्या मधल्या वळणावर सर पायरीवर बसलेले असत, मांडीवर खडूचा डबा, आणि पोरं त्यांना वळसा घालून वर जात. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मी समोरच्या बॅक्टेरिऑलॉजी विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. स्वभाव तिखट. लग्न लांबलं ते त्यामुळेच असं आई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. मध्यप्रदेश नुकताच झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि इंदूरची मंडळी त्या गोष्टीवरून अजून रुसून बसलेली होती. कुणाचं काही अडलं की "भोपाळला विचारा" हे ठरलेलं उत्तर. प्रयोगशाळेला काचेच्या नळ्या हव्या असल्या तरी भोपाळ. अशा दिवसांत नेवासकर सरांनी सशाच्या मेंदूत तार घालायचं मनावर घेतलं. भोपाळला विचारलं असतं तर आयुष्य गेलं असतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

त्यांचा प्रश्न साधा होता. रोगजंतूंशी लढायचं काम रक्ताचं, मेंदूचा त्याच्याशी संबंध नाही, असं आम्ही सगळे शिकलो होतो आणि तसंच शिकवत होतो. सर म्हणायचे, "रक्ताला डोक्याचं काही ऐकू येतं की नाही, हे कोणी विचारून तर पाहा." मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असतो, सशात म्हणाल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा. भूक, तहान, ताप, भीती, सगळ्याची सूत्रं तिथे. त्या जागी बारीक तार बसवायची, रोज थोडा वेळ अगदी हलका विजेचा प्रवाह द्यायचा आणि त्याच सुमारास सशाला टायफॉइडचे मारलेले जंतू टोचायचे. मग कानाच्या शिरेतून रक्त घेऊन पाहायचं, की जंतूंविरुद्ध त्या रक्तात किती बळ आलं. हे पाहायचं काम माझं. रक्तातलं पाणी अधिकाधिक पातळ करत नळ्यांतून लावायचं, त्यात तेच जंतू मिसळायचे आणि कितव्या नळीपर्यंत जंतूंच्या गुठळ्या होतात ते बघायचं. जितकी लांबची नळी, तितकं रक्त जोरकस. कोणतं रक्त कोणत्या सशाचं हे सर मला सांगत नसत. "सांगितलं तर तुम्हाला दिसायला लागेल," म्हणायचे.

शब्दांच्या बाबतीतही ते असेच काटेकोर. वर्गात एखाद्या पोरानं "सिद्ध झालं" म्हटलं की सर स्टुलावरून हळूच हात वर करत. "झालं म्हणू नकोस बेटा. दिसलं म्हण. झालं की नाही ते आपण मेल्यावर ठरेल." पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करत. एकानं तर परीक्षेत लिहिलं होतं, हृदयाचे ठोके पडताना दिसले. सरांनी त्याला पूर्ण गुण दिले.

तार नेमकी जागेवर बसवायची तर सशाचं डोकं घट्ट धरणारा सांगाडा हवा. तो परदेशातून यायचा, म्हणजे यायचाच नाही. सरांनी गिरणीतल्या एका मिस्त्रीला पकडून पितळेचा सांगाडा घडवून घेतला. दातांच्या डॉक्टरकडून दात भरायचं सिमेंट आणलं. राहिले बारीक स्क्रू. त्यासाठी सकाळी सकाळी सियागंजच्या बाजारात निघाले आणि मापासाठी म्हणून सशाची कवटी कोटाच्या खिशात घेतली. मलाही बरोबर नेलं, "तुम्ही भाव करा, मला बोलायचा थकवा येतो." हार्डवेअरच्या दुकानात शेटजी नुकतीच उदबत्ती लावून बसत होते. सरांनी खिशातून कवटी काढून गादीवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "इसमें बैठे ऐसा स्क्रू चाहिए."

शेटजी उठून उभेच राहिले. "अरे भिया, ये क्या ले आए! बोहनी का टैम है!"

"खरगोश की है," सर म्हणाले. "बिलकुल साफ धुली हुई."

"खरगोश की हो के हाथी की, पहले नीचे उतारो!"

शेवटी मी ती कवटी रुमालात गुंडाळून बाहेर उभी राहिले आणि सर आत बसून एकेक स्क्रू नखावर घेऊन पाहत राहिले. शेटजींनी त्यांना चहा पाजला. परतताना सर म्हणाले, "माणूस भला आहे. मी त्याच्या जागी असतो तर हाकललं असतं."

इतका खटाटोप हा थकलेला माणूस कशासाठी करतो, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते कळलं चैत्रातल्या हळदीकुंकवाला. सरांच्या पत्नी मालतीवहिनी मला आग्रहानं बोलवायच्या. घर सरांच्या थोरल्या भावाचं, दादासाहेबांचं. वडील लवकर गेले, दादासाहेबांनी या भावाला वाढवलं, डॉक्टर केलं. संस्थानी अमलात घराण्याची चाकरी दरबारात झालेली, आणि दरबार गेला तरी दादासाहेबांच्या आवाजातून तो गेला नव्हता. वहिनींना दमा होता. कैरीची डाळ वाटता वाटता त्यांना धाप लागली. बायका घाबरल्या, कोणी पाठ चोळू लागलं. ओसरीवरून दादासाहेबांचा आवाज आला, "पाहुणे आले की हिचं सुरू! काही नाही हो, डोक्यातलं खूळ आहे सगळं. आम्ही पण पाहिले आहेत आजारी लोक."

सर तिथेच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. आता बोलतील असं वाटलं. ते डॉक्टर होते, काही ओसरीवरचे पाहुणे नव्हते. पण ते खाली मान घालून आत गेले, स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळायला ठेवली. इंजेक्शन दिल्यावर वहिनी हळूहळू सावरल्या. त्या घरात थोरल्यांना उलट बोलायची रीतच नव्हती. सर दादासाहेबांसमोर खुर्चीवरही बसत नसत, आणि बसणं हा तर सरांचा प्राण.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले. "तुम्ही गप्प कसे बसलात?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दादा म्हणतात डोक्यात आहे. ठीक. असेल डोक्यात. सासरचं कोणी आवाज चढवून बोललं की तिला धाप लागते, हे मीही पाहतो. पण डोक्यातलं म्हणजे खोटं, हे कोणी ठरवलं? डोक्यातून निघालेली गोष्ट रक्तापर्यंत पोचते एवढं जर मी दाखवू शकलो ना लेलेबाई, छापून दाखवू शकलो, तर दादांसमोर कागद ठेवीन. मला बोलावं नाही लागणार."

मी कपाळाला हात लावला. मोठ्या भावाला चार शब्द सुनवायचे नाहीत म्हणून हा माणूस सशाच्या मेंदूतून वळसा घालून निघाला होता! हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या नळ्या जीव लावून लावू लागले.

ससे दोन गटांत होते. तारा सगळ्यांच्याच डोक्यात बसवलेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेचा त्रास दोघांना सारखा. पण अर्ध्यांनाच प्रवाह दिला जाई. आमच्या बोलण्यात ते 'करंटवाले' आणि उरलेले 'कोरे'. प्राणिघर सांभाळणारा रामसिंग सांवेरकडचा, सशांना रजक्याचा चारा घालणं, पिंजरे धुणं त्याच्याकडे. रोज सकाळी सर एकेका करंटवाल्याला टेबलावर घेत, चिमटा जोडत, रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हांपासून बनवलेलं यंत्र सुरू करत. ससा काही ओरडत नसे, नुसता कान मागे टाकून ताठ होई. वेळ भरली की सर चिमटा काढत आणि मग स्टुलावर बसून त्याला मांडीवर घेत. डोक्यावरून शेपटीपर्यंत हात फिरवत म्हणत, "झालं हं बाळा, झालं. माफ कर मला." त्याचा ताठरपणा जाईस्तोवर हे चाले. मग गाजराचा तुकडा. मग पुढचा ससा.

रामसिंग हसायचा. "साब, इत्ता लाड तो मैं अपने छोरे का नी करूँ."

"तुम्हारे छोरे के सिर में मैं रोज करंट नहीं देता," सर म्हणायचे.

कोऱ्यांची मात्र माफी मागितली जात नसे. मी एकदा सहज विचारलंही. सर म्हणाले, "त्यांना मी करंट देतच नाही. माफी कशाची मागू?" इतकं सरळ उत्तर होतं की माझ्या मनात पुढे काही आलं नाही, आणि त्यांच्याही नाही.

पहिल्या तुकडीचं रक्त माझ्याकडे आलं. नळ्या लावल्या, वाचल्या, आकडे सरांना दिले. ते ताडून पाहताना सर उभे राहिले. बसले नाहीत, उभे राहिले! करंटवाल्यांचं रक्त कोऱ्यांपेक्षा सरळ सरळ जोरकस होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. "दिसतंय," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला पोहे-जिलेबी खिलवली आणि स्वतः जिलेबी हातात धरून खायचं विसरले. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. पुढच्या हिवाळ्यातल्या परिषदेसाठी पेपर गेला आणि स्वीकारलाही गेला. रीडरची जागा रिकामी होती, ती आता सरांचीच असं सगळे बोलू लागले. घरी दादासाहेब म्हणाले, "छापून येऊ दे, मग मानू." हे सांगताना वहिनींच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही. इतकी वर्षं खोटं पडत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणी साक्षीदार मिळत होता.

परिषदेआधी अजून एक तुकडी करून पाहावी, असं सरांच्या मनात आलं. मी म्हटलं, कशाला? झालं ना? "दिसलं," ते म्हणाले, आणि कामाला लागले. तेवढ्यात थंडी पडली आणि वहिनींचा दमा असा उसळला की सरांना रजा घेऊन घरी राहावं लागलं. करंट द्यायचं काम माझ्याकडे आलं; रक्ताच्या बाटल्यांवर मात्र रामसिंग नुसते आकडे घाली, कोणतं कोणाचं ते मला तेव्हाही कळू नये म्हणून. मी माझ्या पद्धतीनं केलं. ससा टेबलावर, चिमटा, वेळ भरली की चिमटा काढून ससा पिंजऱ्यात, दार बंद. दुपारी माझे स्वतःचे वर्ग असत. लाडाला वेळ कुठला, आणि ते प्रयोगात कुठे लिहिलेलंही नव्हतं.

या तुकडीत काहीच दिसलं नाही. करंटवाले आणि कोरे, नळीला नळी सारखे, आणि दोन्ही खालीच.

सर परत आले तेव्हा अर्धे झाले होते. त्यांनी यंत्र उघडलं, व्हॉल्व्ह बदलले, तारा तपासल्या, विजेचा दाब मोजला. सगळं ठाकठीक. पहिल्या तुकडीतले ससे अजून प्राणिघरात होते. एके दुपारी सरांनी मला तिथे बोलावलं. ते दाराशी उभे होते. "लेलेबाई, मी आत जातो. तुम्ही फक्त पिंजऱ्यांकडे बघा."

ते आत गेले. करंटवाले एकजात पुढे आले आणि जाळीला नाकं लावून उभे राहिले. कोरे मागच्या कोपऱ्यात जाऊन अंग चोरून बसले.

सर तिथेच फरशीवर बसले. "यांना मी रोज मांडीवर घेत होतो," ते म्हणाले. "आणि त्या बिचाऱ्यांना माणसाचा हात लागला तो फक्त कान टोचायला. मतलब, फरक विजेचा नव्हताच. असला तरी मला तो कसा कळणार? मी मध्ये हात घालून बसलो ना."

तरीही त्यांनी आणखी एक तुकडी केली. या वेळी सगळ्यांना मांडी, सगळ्यांना गाजर, करंट अर्ध्यांना. दोन्ही गटांचं रक्त सारखंच आलं, आणि दोन्हीकडे चांगलं वर. मी तर उड्या मारायच्या बेतात होते. "सर, मग हेच लिहा ना! नुसत्या हात फिरवण्यानं रक्त बदलतं म्हणजे वाट डोक्यातूनच गेली ना? हे तर विजेपेक्षा मोठं आहे!"

"असेलही," सर म्हणाले. "पण मी ते मोजलं नाही. कोणाचा हात, किती वेळ, की नुसतं गाजर, की भीती कमी झाली म्हणून, काहीच ठाऊक नाही. मी एक शोधायला निघालो आणि दुसऱ्यात ठेचकाळलो. ठेच लागली त्याला शोध म्हणत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." ते स्टुलावर टेकले. "आणि मी थकलोय हो."

विभागप्रमुख भडकले. "नेवासकर साहब, गोद में बिठाने से टाइफाइड भागता है क्या? पहले वाला रिजल्ट अच्छा है, वही पढ़ दीजिए. किसको पता चलेगा?" सरांनी मान हलवली आणि पेपर मागे घेतला. मी त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही. मला संताप आला होता आणि आजही थोडा येतो. जगात इतके लोक इतकं काय काय छापतात, आणि या एका माणसाला, ज्याच्या घरात त्या कागदाची खरी गरज होती, त्यालाच एवढा काटेकोरपणा सुचावा!

शेवटी मी वहिनींकडेच गेले, की तुम्ही तरी सांगा. त्या लोडाला टेकून बसल्या होत्या, शब्दाशब्दाला श्वास घेत होत्या. म्हणाल्या, "मला विचारलं त्यांनी आधी. म्हणाले, तुझी केस आहे, तू सांग. मी म्हटलं, माझा आजार खरा आहे. खऱ्या गोष्टीला खोटी साक्ष कशाला?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "वाईट तर वाटलंच गं. खूप वाटलं." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

रीडरची जागा दुसऱ्याला गेली. उन्हाळ्यात सरांच्या बदलीचा हुकूम आला, रायपूरला. तिथे प्राणिघर नव्हतं. सरांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. चढ तरी नसेल." उरलेले ससे रामसिंगनं आपल्या गावी नेले. पितळेचा सांगाडा कोणी उचलला ते मला ठाऊक नाही.

स्टेशनवर मी निरोपाला गेले. रामसिंग आला होता, चार विद्यार्थी आले होते. दादासाहेब काठी टेकत आले, धाकट्याला निरोप द्यायचा म्हणून कडक इस्त्रीचा कोट घालून. सामान फलाटावर रचलेलं. दादासाहेब म्हणजे दादासाहेब, ऐन वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "काय रे बाबू, ते तुझं सशांचं काय झालं? छापणार होतास ना? साबित झालं की नाही काही?"

तिथे खरंखोटं कोण तपासणार होतं? "हो" म्हटलं असतं तर दादासाहेबांनी मानही डोलावली असती, आणि वहिनी थोड्या सुखानं रायपूरला गेल्या असत्या.

"नाही दादा," सर म्हणाले. "झालं नाही."

"मग! मी म्हणत होतो ना, डोक्यातलं..."

"दादा," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवण्याइतकी ताकद त्यांच्यात कधी नव्हतीच. "मालती आजारी आहे. माझा प्रयोग फसला, तिचा आजार फसवा नाही. मी डॉक्टर आहे, मी रात्री-अपरात्री तिच्याजवळ असतो आणि मी सांगतो, तिला खरंच श्वास मिळत नाही. तुम्ही तिला पुन्हा असं बोलायचं नाही."

फलाटावर हमालांची आरडाओरड चालली होती. दादासाहेब धाकट्या भावाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी रामसिंगच्या हातात दिली, खाली वाकून वहिनींची पिशवी उचलली आणि डब्यात नेऊन ठेवली. सर तिथेच ट्रंकेवर बसले. थोरल्या भावासमोर बसले.

गाडी सुटली तेव्हा दोघं खिडकीशी होते. इतकी वर्षं दादासाहेबांच्या देखत वहिनी खोकलाही तोंडावर पदर दाबून गिळत असत, उठून आत जात असत. त्या दिवशी एंजिनाचा धूर आत आला आणि त्या खिडकीत बसून, दादासाहेब समोर उभे असताना, मोकळेपणी खोकल्या. शेजारी सर डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त वहिनींसाठी खिडकीकडची थोडी जागा आणखी सोडली.